संदर्भसूची पुन्हा पुन्हा परत येतेय? दोष शोधायचा कुठे

गाईड ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) परत देतात, शेरा एकच: ‘रेफरन्सेस फॉरमॅटमध्ये नाहीत’. विद्यार्थी रात्रभर बसून स्वल्पविराम बदलतो, जर्नलची नावं तिरपी करतो, पुन्हा नेऊन देतो. पुन्हा तोच शेरा. त्याच कामाचा पेपर कॉन्फरन्सला गेला की रिव्ह्यूअर आणखी भर घालतो: संदर्भ ११ आणि १४ मजकुरात कुठेच आलेले नाहीत, आणि ६ व १९ हा एकच पेपर आहे.

हे वारंवार का होतं, याचं उत्तर सूचीच्या पानावर क्वचितच सापडतं. चूक शिरलेली असते त्याच्या कितीतरी आधी, पेपर डाऊनलोड करून त्याची नोंद केली तेव्हा. नोंदच चुकीची असेल तर फॉरमॅट कितीही सुधारा, चुकीची माहिती नीटनेटकी छापून येते. म्हणून तपासणी नोंदीपासून सुरू करावी आणि स्वल्पविरामांकडे सगळ्यात शेवटी यावं.

उदाहरणं मी मुख्यतः आयट्रिपलई (IEEE, विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संस्था) शैलीची घेतोय, कारण कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकलच्या बहुतेकांना तीच लागते. सिव्हिलवाल्यांनी आधी कुठे पाठवायचं ते पक्कं करावं. एएससीईच्या (सिव्हिल अभियंत्यांची अमेरिकन संस्था) जर्नलांत मजकुरात आकडा नाही, आडनाव आणि वर्ष द्यावं लागतं. एएसएमई (मेकॅनिकल अभियंत्यांची अमेरिकन संस्था) मात्र चौकटी कंसातला आकडाच मागते.

नोंद आली कुठून?

गूगल स्कॉलरवर पेपरखालच्या ‘साईट’वर क्लिक करून पाहा. तयार मजकूर पाच शैलींत मिळतो: एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड आणि व्हँकुव्हर. त्यात आयट्रिपलई नाही. तरीही घाईत असलेला विद्यार्थी एपीएची ओळ उचलतो आणि तिच्यापुढे [७] लिहितो. एपीएमध्ये आडनाव आधी आणि वर्ष नावांच्या लगेच पुढे असतं. आयट्रिपलईमध्ये आद्याक्षरं आधी, मग आडनाव, मग अवतरणचिन्हांत पेपरचं शीर्षक, मग तिरप्या ठशात जर्नलचं संक्षिप्त नाव, खंड, अंक, पानं, आणि वर्ष जवळजवळ शेवटी. सूचीत अर्ध्या नोंदी एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या दिसल्या, की त्या कुठून आल्या हे गाईडना लगेच कळतं.

स्कॉलरची बिबटेक्स (लेटेक्स या लेखन-सॉफ्टवेअरसाठी संदर्भ साठवायची पद्धत) नोंदही तशीच उचलू नये. तिच्यात डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) बहुधा नसतो, महिना नसतो, आणि कॉन्फरन्सचा पेपर कधीकधी जर्नलचा म्हणून येतो. त्याऐवजी प्रकाशकाच्या पानावर जा. आयट्रिपलई एक्सप्लोरवर प्रत्येक पेपरच्या पानावर ‘साईट धिस’ बटण आहे, तिथून बिबटेक्स किंवा आरआयएस मिळतं. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नुसता डीओआय टाकला तरी नोंद भरून येते. झोटेरो मोफत आहे आणि वर्ड व लिब्रेऑफिस दोन्हींत चालतं, त्यामुळे विद्यार्थ्यांना मी तेच सुचवतो.

नोंद आली की पेपरची पीडीएफ उघडून पहिल्या पानाशी एकदा ताडून पाहा: लेखक, शीर्षक, वर्ष, पानं. एका पेपरला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि पुढची बरीच दुखणी इथेच मिटतात.

एकच पेपर दोन आकड्यांनी

के. हे, एक्स. झांग, एस. रेन आणि जे. सन यांचा ‘डीप रेसिड्युअल लर्निंग फॉर इमेज रेकग्निशन’ हा पेपर घ्या. इमेज प्रोसेसिंगच्या प्रोजेक्टमध्ये तो हमखास असतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो अर्काइव्हवर (arXiv, छपाईआधीच पेपर खुले ठेवणारी वेबसाईट) आला आणि २०१६ च्या सीव्हीपीआर कॉन्फरन्समध्ये पान ७७० ते ७७८ वर छापला गेला. गटातल्या एकाने अर्काइव्हची नोंद घेतली, दुसऱ्याने कॉन्फरन्सची, फायली एकत्र केल्या, आणि सूचीत एकाच पेपरला दोन आकडे मिळाले. छापील आवृत्ती आलेली असेल तर तीच द्यायची, अर्काइव्हची काढून टाकायची. नोंद काढल्यावर मजकुरातले दोन्ही उल्लेख एकाच नोंदीकडे वळवायला विसरू नका. नाहीतर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. झोटेरोत ‘ड्युप्लिकेट आयटम्स’ नावाची वेगळी यादीच असते, तिथे नोंदी एकत्र करता येतात.

लेखकांची नावं उलटीपालटी

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात जास्त दुखवणारा आहे, कारण इथे माणसाचं श्रेय हरवतं.

बिबटेक्समध्ये दोन लेखकांच्या मध्ये ‘अँड’ लागतो. स्वल्पविराम हा आडनाव आणि नाव वेगळं करण्यासाठी राखून ठेवलेला आहे. समजा, लेखकांच्या रकान्यात कुणी ‘एस. के. पाटील, ए. आर. देशमुख’ असं लिहिलं. बिबटेक्स हे एकाच माणसाचं नाव समजतं: स्वल्पविरामाच्या आधीचं ते सगळं आडनाव, नंतरचं ते नाव. छापून येतं ‘ए. आर. डी. एस. के. पाटील’. देशमुख गेले, आणि जगात नसलेले एक पाटील तयार झाले. तीन लेखक असतील तर मधला लेखक ‘ज्युनिअर’सारखा नावामागचा शेपूट समजला जातो. चार झाले की मग कुठे ‘टू मेनी कॉमाज’ अशी तक्रार लॉगमध्ये येते. म्हणजे दोन आणि तीन लेखकांच्या वेळी चूक गुपचूप पुढे सरकते. ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्येच लेटेक्स चालवणारी वेबसाईट) काम करत असाल तर पीडीएफ तयार झाली म्हणून थांबू नका, लॉग उघडून इशारे वाचा आणि छापलेली नावं डोळ्यांनी पाहा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू होतं: पाटील सचिन वसंत. कित्येक लेखक पेपरवरही तसंच लिहितात. सॉफ्टवेअरला शेवटचा शब्द आडनाव वाटतो, आणि संदर्भ होतो ‘पी. एस. वसंत’. वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. हे सॉफ्टवेअरला कळणं शक्य नाही. मराठी माणसाला मात्र एका नजरेत कळतं, म्हणून ते आपणच दुरुस्त करायला हवं. नोंदीत ‘पाटील, सचिन वसंत’ असा स्वल्पविराम देऊन ठेवला की प्रश्न संपला. तमिळ किंवा चिनी नावांबाबत आपली खात्री नसते. अशा वेळी त्याच लेखकाच्या दुसऱ्या पेपरांत नाव कसं छापलंय ते पाहावं, किंवा ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) असेल तर त्याचं पान उघडावं. अंदाजाने नाव उलटवू नये.

आणि एक: आयट्रिपलई शैलीत सहा लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची असतात. सहाहून अधिक असतील तरच पहिल्याचं नाव आणि पुढे ‘एट अल.’ तीन लेखक असताना ‘एट अल.’ लिहून दोघांना गाळू नये.

आकड्यांचे घोळ

मजकुरात [?] दिसतो तेव्हा कारणं मोजकीच असतात. स्वतःच्या मशीनवर लेटेक्स चालवत असाल तर क्रम पूर्ण झालेला नसतो: लेटेक्स, मग बिबटेक्स, मग दोनदा लेटेक्स. ओव्हरलीफ हे आपोआप करतं, त्यामुळे तिथे [?] आला तर मजकुरातली की (नोंदीला दिलेलं छोटं नाव) आणि नोंदीतली की जुळतेय का ते पाहा. कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट जुळली पाहिजे. तरीही सुटलं नाही तर नोंदीत एखाद्या ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम राहिलाय का बघा. तो राहिला की त्यापुढची माहिती बिबटेक्स सोडून देतं. जर्नलच्या नावातलं ‘अँड’चं चिन्ह (&) उलट्या तिरक्या रेघेशिवाय (\) लिहिलं तरी गाडी अडते.

प्रस्तावनेतला पहिलाच संदर्भ [१२] म्हणून आला, तर शैलीची फाईल तपासा. ‘प्लेन’ शैली आडनावांच्या वर्णानुक्रमाने आकडे देते. आयट्रिपलईला मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतात तो क्रम हवा. त्यासाठी ‘आयट्रिपलईट्रॅन’ शैली आहे.

ती लावूनही क्रम बिघडलेला असेल आणि तुमचं काम प्रबंध किंवा ब्लॅक बुक असेल, तर कारण जवळजवळ नक्की आकृत्यांच्या यादीत आहे. आकृतीच्या मथळ्यात संदर्भ दिलेला असतो, तो मथळा सुरुवातीच्या ‘लिस्ट ऑफ फिगर्स’मध्ये जसाच्या तसा येतो, आणि लेटेक्सला वाटतं की पहिला उल्लेख तिथेच झाला. म्हणून पाचव्या प्रकरणातल्या आकृतीचा संदर्भ [१] होतो आणि प्रस्तावना [४] पासून सुरू होते. उपाय सोपा आहे: मथळ्याच्या आज्ञेत चौकटी कंसात यादीसाठी वेगळा, संदर्भ नसलेला छोटा मथळा द्या. मथळे फार असतील तर ‘नोटॉकसाईट’ (notoccite) पॅकेज लावा.

शीर्षकातला ‘आयओटी’ किंवा ‘मॅटलॅब’ स्मॉल अक्षरांत छापला जात असेल, तर नोंदीत तो शब्द महिरपी कंसात टाका. ‘काल्मन’, ‘इंडियन’ अशी विशेषनामंही तशीच जपावी लागतात.

वर्डमध्ये हाताने आकडे टाइप करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ते थांबवा. मध्ये एक संदर्भ वाढला की पुढचे सगळे आकडे बदलावे लागतात, आणि ‘संदर्भ ११ मजकुरात नाही’ हा शेरा तिथूनच जन्मतो.

न वाचलेले संदर्भ

फॉरमॅट अचूक, आकडे जुळलेले, तरीही परीक्षक सूचीवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘हा पेपर वाचलाय का?’ इथे तोतरेपण येतं ते घाबरल्यामुळे येतंच असं नाही. संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून उचललेला असतो.

हा प्रकार किती पसरलेला आहे हे सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये मोठ्या चतुराईने दाखवलं. दोघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागातले. त्यांनी भौतिकशास्त्रातल्या एका नामांकित पेपरचे सुमारे ४,३०० संदर्भ घेतले. त्यांपैकी १९६ मध्ये छपाईच्या चुका होत्या. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या. पान क्रमांकातली एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. ७८ जणांच्या हातून स्वतंत्रपणे तोच आकडा चुकणार नाही. त्यांचा अंदाज होता की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ पेपर वाचणारे साधारण २० टक्केच.

याहून पुढची गोष्ट म्हणजे अस्तित्वातच नसलेला संदर्भ. ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, लेखक व्हॅन डेर गीर आणि इतर, वर्ष २०००. असा पेपर नाही. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा तो नमुना होता. संशोधक पीटर क्रोनेनबर्ग यांना त्याचा संशय आला, आणि संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ४०० पेपरांनी त्याचा संदर्भ दिलेला होता, त्यांत बहुतांश कॉन्फरन्सचे. टेम्प्लेटमधली ओळ पुसायची राहून गेली.

आपल्या सूचीतही हे तपासा. आयट्रिपलईच्या कॉन्फरन्स टेम्प्लेटमधला पहिला नमुना संदर्भ आहे ईसन, नोबल आणि स्नेडन यांचा बेसल फंक्शन्सवरचा १९५५ चा पेपर. दुसरा क्लर्क मॅक्सवेल यांचा १८९२ चा विद्युत आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ. पुढे के. एलिसा नावाने ‘टायटल ऑफ पेपर इफ नोन’ अशी नुसती जागा राखलेली ओळ. सोयाबीनच्या पानावरचे रोग ओळखण्याच्या पेपरमध्ये बेसल फंक्शन्सचा संदर्भ दिसला, की रिव्ह्यूअर पुढचं फार सहानुभूतीने वाचत नाही.

जुन्या मूळ संशोधनाचं काय करायचं, हा प्रामाणिक प्रश्न आहे. सिव्हिलचं उदाहरण घ्या. पाणी-सिमेंट गुणोत्तराचा नियम डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटच्या बुलेटिन १ मध्ये मांडला. विद्यार्थी तो पाठ्यपुस्तकात वाचतो आणि सूचीत थेट १९१८ चं बुलेटिन लिहितो. ते वाचलेलं नसेल तर पाठ्यपुस्तकाचाच संदर्भ द्या आणि मजकुरात लिहा की अब्रॅम्स यांचा नियम या पुस्तकात दिल्याप्रमाणे घेतला आहे. यात कमीपणा अजिबात नाही. वाचलं ते सांगितलं, इतकंच.

एआय चॅटबॉटकडून संदर्भ मागण्याची सवय वाढली आहे. ही साधनं खऱ्या वाटणाऱ्या नावांचे, खऱ्या जर्नलांचे, पण कधीच न छापलेले पेपर तयार करून देतात, डीओआयसुद्धा देतात. ओळखायची रीत एकच: डीओआय ‘डीओआय डॉट ओआरजी’वर टाका. तो उघडलाच नाही किंवा भलताच पेपर उघडला, तर नोंद तिथल्या तिथे काढा. उघडलेला पेपर मागे घेतलेला नाही ना, हेही बघा. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलांमधले ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले, आणि आपल्याकडच्या लिटरेचर सर्व्हेंमध्ये या जर्नलांचे पेपर पुष्कळ असतात. मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो तसा इशारा देतं.

कोड, डेटाशीट, डेटासेट

‘आयएस ४५६’ एवढंच लिहून भागत नाही. वर्ष हा मानकाच्या नावाचाच भाग आहे: आयएस ४५६ : २०००. लेखकाच्या जागी भारतीय मानक ब्युरो, गाव नवी दिल्ली. मिक्स डिझाइनमध्ये (कॉंक्रीटच्या मिश्रणाचं प्रमाण ठरवणं) तर वर्ष फारच महत्त्वाचं, कारण आयएस १०२६२ च्या १९८२, २००९ आणि २०१९ अशा आवृत्त्या आहेत. २०१९ च्या आवृत्तीत लक्ष्य सामर्थ्य काढताना दोन सूत्रांनी येणाऱ्या किमतींपैकी मोठी घ्यायची असते. सूचीत २०१९ लिहिलेलं आणि गणितात २००९ चं एकच सूत्र वापरलेलं, हे कॉंक्रीटच्या परीक्षकाला पहिल्याच पानावर दिसतं. ही चूक फॉरमॅटची म्हणून सोडून देता येत नाही, कारण वाचणारा तुमचं गणित त्या आवृत्तीशी पडताळणार असतो. १९८२ ची आवृत्ती द्यायची असेल तर तेव्हा ब्युरो नव्हता, इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन होती, तेच नाव द्या.

डेटाशीटसाठी कंपनी, भागाचा क्रमांक आणि आवृत्ती लिहा. एटीमेगा ३२८पी या चिपची जुनी डेटाशीट अ‍ॅटमेलच्या नावाने आहे; २०१६ मध्ये ती कंपनी मायक्रोचिपने घेतली, म्हणून नवी मायक्रोचिपच्या नावाने. हातात जी आहे ती लिहा.

पानांवरचे रोग ओळखणारे प्रोजेक्ट दरवर्षी असतात, आणि डेटासेटच्या संदर्भात कॅगल या डेटासेटच्या वेबसाईटची लिंक असते. प्लांटव्हिलेजचा ५०,००० हून अधिक चित्रांचा संग्रह ह्यूजेस आणि सालाते यांनी २०१५ मध्ये अर्काइव्हवरच्या पेपरसह खुला केला. संदर्भ त्या पेपरचा द्यायचा. कॅगलवरची प्रत वापरली असेल तर तिची लिंक आणि पाहिल्याची तारीख जोडीला.

प्लॅगरिझम रिपोर्टच्या धास्तीने संदर्भ काढणं

इतर मजकुराशी साम्याची टक्केवारी वाढते म्हणून सूचीतले संदर्भच कमी करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. कृपया असं करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य मोजताना संदर्भसूची आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर वगळायचा असतो. रिपोर्टमध्ये सूची मोजली गेली असेल तर ती वगळून पुन्हा काढून द्या, असं ग्रंथपालांना सांगा. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द होते.

उलट बाजूही आहे. शेवटी [९] लिहिलं म्हणून आधीचा परिच्छेद शब्दशः उतरवायची मुभा मिळत नाही. शब्द त्यांचे असतील तर अवतरणचिन्हं हवीत. नाहीतर वाचून, पेपर बाजूला ठेवून, स्वतःच्या वाक्यात लिहा आणि मग आकडा द्या. आकडा त्या विधानाच्या जागीच द्या, पूर्णविरामाच्या आधी. परिच्छेदाच्या टोकाला [३]–[११] अशी माळ लावली, तर कोणतं विधान कुणाचं हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

कॅमेरा-रेडी उद्या असेल तर

कॅमेरा-रेडी, म्हणजे छपाईला जाणारी अंतिम प्रत. वेळ नसेल तेव्हा क्रम असा ठेवा. सूचीतला प्रत्येक आकडा मजकुरात शोधा; न सापडणाऱ्या नोंदी काढा. प्रत्येक डीओआय उघडून शीर्षक जुळवा. लेखकांची नावं पहिल्या पानाशी ताडा. ईसन, मॅक्सवेल, एलिसा शोधा. मानकांची वर्षं पाहा. जर्नलांची संक्षिप्त रूपं आणि पूर्णविराम यानंतरच. ती राहिली तर संपादक सांभाळून घेतात, बाकीचं कुणी सांभाळून घेत नाही. पीडीएफ एक्सप्रेस या आयट्रिपलईच्या फाईल-तपासणीने ‘पास’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते फाँट आणि फाईलचा प्रकार तपासतं, संदर्भ वाचत नाही.

पेपर गटाने लिहीत असाल तर संदर्भनोंदींची बिब फाईल एकाच्याच ताब्यात द्या. बाकीच्यांनी त्याला डीओआय पाठवायचा, नोंद त्याने करायची, आणि ती करताना पीडीएफ उघडी ठेवायची.